दहा-दहाचे गट

कॉपी-पेस्ट नसतं तर काय झालं असतं, म्हणता? मी सांगतो.

आमच्या लॅबमध्ये नुकतंच इंटरनेट आलं होतं. परदेशातलं एक सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालायचं. प्रथिनातल्या प्रत्येक अमिनो आम्लाचं एकेक अक्षर ओळीनं भरलं की ते त्या प्रथिनाचा आकार दाखवायचं. पण चौकटीत पेस्ट बंद. चारशेवर अक्षरं हातानं भरायची, आणि संगणकावरची आमची पाळी पाचला संपणार. ती हुकली की माझा प्रबंध अडकला. मी दोनदा भरलं, दोनदा चुकलं.

तेवढ्यात सिकंदराबादच्या रेल्वे ऑफिसातून बायको आली. सुमन तिथे टायपिस्ट.

"सरका. तुम्ही नुसतं वाचा."

मी छापील कागदावरून वाचत गेलो. तिची नजर खिडकीबाहेर, बोटं चालूच. आमचे लॅबप्रमुख रेड्डीसाहेब म्हणाले, "भाभी, चाय लेते?"

"रख दीजिए साहब." बोटं थांबली नाहीत. मग एकदम थांबली.

"अहो, एक अक्षर गाळलंत."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही. पण कागदावर दहा-दहाचे गट आहेत. या गटात नऊच झाली."

खरंच एक राहिलं होतं. पाचच्या आत सगळं भरून झालं. रेड्डीसाहेब कप हातात धरून उभेच होते.

परवा मुलीनं तसंच सॉफ्टवेअर दाखवलं. आता पेस्ट चालतं.

"बघा बाबा, क्षणात झालं. चूक नाही."

तरी मी चष्मा लावून दहा-दहा मोजत बसलो. सुमन होती तोवर मला कधी मोजावं लागलं नव्हतं.