समुद्रफेसाचा पाइप

काष्ठौषधींच्या दुकानात माझ्यापुढे एक आजीबाई होत्या. त्यांनी गल्ल्यावर एक पांढरा पाइप ठेवला. त्यावर दाढीवाल्याचं तोंड कोरलं होतं.

"शेठ, हे कुटून द्या. नातीचा कान वाहतोय."

"मायाक्का, पाइप कुटू?"

"सायब विलायतेला जाताना देऊन गेला. समुद्राचा फेस हाय म्हनला."

"थांबा, लिंबाचा थेंब टाकतो. समुद्रफेस असेल तर फसफसेल."

"थेंब प्यालाच की ह्यो. फसफसला न्हाय."

"म्हणजे हा तुर्कस्तानच्या खाणीतला दगड. व्हिएन्नाचे कारागीर कोरतात. साहेबांच्या बोलीत नाव तेवढं समुद्रफेस."

"मग कानाला?"

"खरा समुद्रफेस, म्हणजे माकुळ माशाचं हाड, कुटून देतो. हा मालकांना ओढायला ठेवा."

"मालक वडत न्हाईत. आना हिकडं, तंबाकू माज्याच कनवटीला हाय."