रेडिओवरची दुसरी

धामणकर नाक्यावर वळ गावाला जाणारी शेअर रिक्षा अजून भरायची होती. रेडिओवर नवरा-बायकोची जुनी विनोदी श्रुतिका लागलेली, आजूबाजूची लोकं ऐकून हसत होती. माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

"अवो, ही तीच! रेडिओवर पुरुष बोलला का डोक्यावर पदर घेनारी. आपल्या लग्नाच्या साली लागलेली."

"जानके, रेडिओवाल्यांना पत्र मी लिवलेला."

"कसला पत्र?"

"तू पदर घ्यायचीस, त्याचा."

"म्हंजे ही मीच?"

"हाय."

"तवा सगळा गाव हसलेला."

"तू पन हसलीस ना."

"मला वाटला, माज्यासारखी आनखी एक हाय."

"रिक्षावाले, बंद करा हो तो रेडिओ," म्हातारा म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. लोकं हसतायत."