तन्वी ओळीओळीला थांबते

अहो, आमच्या काशीदकडच्या शाळेला अनुदान देणाऱ्या संस्थेच्या मॅडम वाचन मोजायला आल्या. मिनिटात किती शब्द, ते अहवालात जाणार आणि त्यावर पुढचं अनुदान. मी आपली सगळ्यात हुशार तन्वी पुढे केली. तर ही एक ओळ वाचायची आणि थांबायची! मोबाइलवर सेकंद पळतायत, म्हटलं, बुडालं अनुदान.

मॅडमनी विचारलं, “अडतंय का गं?”

“न्हाय. घरी मी वाचते, मंग आय सुकट निवडत मागनं म्हनते. ती पन शिकते ना.”

मॅडमनी मोबाइल पालथा ठेवला. “वाच.”

तन्वीने ओळ वाचली आणि थांबली. मॅडम तीच ओळ हळूच पुटपुटल्या.

“मोठ्यानं म्हना,” तन्वी म्हणाली, “आय पन आधी लाजायची.”