खांबाखाली उभा लाइनमन

अरे, आमच्या मुलीने मला भर कॉलनीत गप्प बसवलं, ते सांगितलं का तुम्हाला? मृणाल वीज विभागात इंजिनियर आहे, हे तर ठाऊकच आहे. मागच्या मे महिन्यात दर्पण कॉलनीत सकाळपासून लाइट नव्हती. दुपारी लाइनमन रामसेवक आला आणि खांबाखाली फोन धरून नुसता उभा राहिला. मी ओरडलो, "ए, चढ़ता क्यों नहीं? तेरी मैडम मेरी बेटी है!"

तो म्हणाला, "बाबूजी, लाइन पीछे सबस्टेशन से बंद हुई कि नहीं, अभी पक्की ख़बर नहीं आई."

मी तडक मृणालला फोन लावला. ती दहा मिनिटांत आली. मला वाटलं, आता याची खरडपट्टी निघणार. तिने आधी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रामसेवकजी, आपने बिलकुल ठीक किया. मेरे पिताजी ने जो कहा, उसके लिए मैं माफ़ी माँगती हूँ."

शेजारीपाजारी बघत होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाबा, तार चालू असती तर?"

माझी मान खाली गेली. लाइट आल्यावर मी स्वतः पाणी घेऊन गेलो. म्हटलं, "रामसेवकजी, ग़लती हो गई."

ते हसले. "बाबूजी, जब से मैडम आई हैं, मेरी घरवाली ने सलामती पूछने के लिए दिन में चार-चार बार फ़ोन करना छोड़ दिया."

बोलणी खाल्ली मी, आणि छाती फुगली तीही माझीच!