टेबल क्रमांक चारवरचा फोन कोणी उचलला, त्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय ४९ वर्षे, व्यवसाय नोकरी, रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात फोन घेण्याचे काम, राहणार कक्षाच्या मागच्या गल्लीत, औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर, मुलाकडे. आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे.

आमच्या कक्षात सहा टेबलं आहेत. माझं टेबल क्रमांक चार. प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा, कानाला लावायचा फोन आणि प्रश्नांचं कार्ड चिकटवलेलं आहे. पत्ता, मजला, रुग्णाचं वय, शुद्ध आहे का, श्वास चालू आहे का. हे प्रश्न याच क्रमाने विचारायचे असतात. ड्युटीवर असताना स्वतःचे मोबाइल दाराजवळच्या कपाटात ठेवावे लागतात. हा नियम मोठ्या साहेबांचा आहे आणि सगळ्यांना लागू आहे.

राउटर आणि लाइन सांभाळणारे जे गृहस्थ आहेत त्यांना आम्ही मास्तर म्हणतो. ते कुठल्याही शाळेत शिकवायला नव्हते. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी ते कागद कसा तयार होतो तिथपासून सुरुवात करतात, म्हणून मास्तर. माझं त्यांच्या घरी जाणं-येणं आहे. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणत असे. त्यांची एकुलती एक मुलगी मला मावशी म्हणते. चार नंबरवर फोन घेणाऱ्या माणसाविरुद्ध ही तक्रार तिनेच दिली आहे. हे आधी सांगते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाईने ओळख लपवली.

लाइनबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं मास्तरांकडूनच ऐकलेलं आहे. लोकांचे फोन आधी टेलिफोनवाल्यांच्या एक्स्चेंजमध्ये येतात आणि तिथून एका मुख्य लाइनने आमच्याकडे येतात. ती बंद पडली तर दुसरी, बॅकअप लाइन आहे. राउटरही दोन आहेत, एकावर एक ठेवलेले. वरचा काम करतो, खालचा त्याच्याकडे बघत बसतो. वरच्याचा दिवा गेला की खालच्याने उठायचं आणि बॅकअप लाइन चालू करायची. बॅकअप लाइन बारीक आहे. तिच्यावरून आवाज चिरका येतो, तुटतो. मास्तर म्हणायचे, "ताई, ही अरुंद गल्ली आहे. बोलणं पोचेल, पण कोण बोलतंय ते कळायचं नाही."

दर महिन्याला याची तालीम व्हायची. मोठे साहेब येऊन उभे राहायचे. मास्तर वरच्या राउटरची पिवळी वायर सगळ्यांसमोर ओढायचे, खालचा दिवा लागायचा, फोन चालू राहायचे. आम्ही टाळ्या वाजवायचो. मास्तर नाटकातल्यासारखे वाकून नमस्कार करायचे. लिहून घेणारे दादा म्हणतात मुद्द्यावर या. मुद्दा हाच आहे. वायर नेहमी आमच्याच टोकाला ओढली जायची. लाइन बाहेर, मधेच कुठे मेली तर काय, याची तालीम कधी झाली नाही.

मास्तरांना हे सुचलं नव्हतं असं नाही. त्यांनी राउटरला एक सवय लावून दिली होती. तो सारखा लांबच्या एका मशीनला हाक मारायचा. तिकडून ओ आली तर लाइन जिवंत. ओ नाही आली तर दिवा हिरवा असला तरी लाइन मेली असं धरून खालच्याला उठवायचं. पण ते लांबचं मशीनच भलतं निघालं. कधी ओ द्यायचं, कधी नाही. मग लाइन उगाच इकडून तिकडे जायची आणि बोलता बोलता फोन तुटायचे. एकदा एका बाळंतिणीच्या घरचा फोन दोनदा तुटला. मोठे साहेब सगळ्यांसमोर मास्तरांना नको नको ते बोलले. आम्ही टेबलवाल्यांनीही वैतागून कावकाव केली. तेव्हा मास्तरांनी ती हाक बंद केली. म्हणाले, चांगलं मशीन शोधतो, मग पुन्हा लावतो. शोधणं चालू होतं. रोज साहेबांना अर्ज करायचे आणि साहेब म्हणायचे, "चाललंय ना? मग चालत्या गाड्याला खीळ कशाला?"

घटनेच्या दिवशी मी सकाळच्या ड्युटीवर होते. दुपारी जेवून परत बसल्यावर फोन येईनासे झाले. सहाही टेबलं गप्प. आमच्याकडे असं कधीमधी होतं, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. सहा नंबरची म्हणाली, "आज सगळं गाव ठणठणीत दिसतंय." कोणीतरी तिला दटावलं की असं बोलू नये. मास्तर काचेपलीकडे मशीनच्या खोलीत होते. त्यांनी मान वर करून दिव्याकडे बघितलं. दिवा हिरवा होता. मीही बघितला. हिरवाच होता.

थोड्या वेळाने समोरचा चष्म्याचा दुकानदार धावत आत शिरला. त्याचं गिऱ्हाईक दुकानात चक्कर येऊन पडलं होतं. तो ओरडत होता, "अहो, रिंग जातेय, उचलत का नाही?" त्याने मोबाइल आमच्या तोंडासमोर धरला. त्यातून रिंग ऐकू येत होती. आणि आमची सहाच्या सहा टेबलं गप्प. एक गाडी त्याच्याबरोबर ताबडतोब पाठवली.

मास्तरांना एका क्षणात कळलं. लाइन बाहेर मेली होती, पण आमच्या तळघरात टेलिफोनवाल्यांचा, लाइन राउटरला जोडणारा जो डबा आहे तो चालू होता. राउटरला फक्त डबा दिसत होता. डबा जिवंत म्हणून दिवा हिरवा, दिवा हिरवा म्हणून खालचा राउटर झोपलेला. एक्स्चेंज मात्र लोकांना रिंग ऐकवत होतं. एंगेज लागला असता तर लोकांनी दुसरी काही सोय केली असती. रिंग जात होती म्हणून लोक थांबले.

मास्तर बाहेर आले ते माझ्या टेबलावर, कारण तेच काचेच्या दाराला लागून आहे. मला म्हणाले, "ताई, आत जा, वरची पिवळी वायर ओढा. खालचा उठतो का ते मी पडद्यावर बघतो." मी आत गेले, क्लिप दाबली आणि वायर ओढली. खालचा दिवा लागला. त्याच क्षणी सहाही फोन एकदम वाजायला लागले. इतका आवाज त्या खोलीत मी कधी ऐकला नव्हता.

मी बाहेर येईपर्यंत मास्तरांनी माझ्या टेबलावरचा फोन कानाला लावला होता. फोन घेणं त्यांचं काम नाही. पण वाजणारा फोन तसाच ठेवणं त्या दिवशी कोणाला जमलं असतं? ते कार्डावर बोट ठेवून विचारत होते. "पत्ता सांगा." मग टाइप करत होते. मी उठवायला म्हणून त्यांच्या खांद्याला हात लावणार होते, तोच मला पडद्यावरचा पत्ता दिसला. तो त्यांच्याच घरचा होता. मजलाही त्यांनी टाकला होता. गाडीला हुकूमही देऊन झाला होता.

त्यांचं बोट कार्डावरून खाली सरकलं. आवाज जराही हलला नाही. "वय?" मग, "शुद्ध आहे का?" मग, "श्वास चालू आहे का? छाती हलतेय का बघा. बघून सांगा." मधे एकदा ते नुसतं "हो" म्हणाले. मग म्हणाले, "गाडी निघाली आहे. त्यांना टेकून बसवा. दार उघडं ठेवा." तिकडून फोन ठेवला गेला. मास्तरांनी कानाचा फोन काढून जागेवर लटकवला आणि माझी खुर्ची मला मोकळी करून दिली. मला म्हणाले, "बसा ताई, तुमचा वाजतोय." मी बसले आणि पुढचा फोन घेतला. दुसरं काय करणार होते मी?

मास्तर कपाटातून मोबाइल काढून निघाले. मोबाइलवर मुलीचे किती फोन येऊन गेले होते ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वहिनींना दमा होता. गाडी वेळेत पोचली, पण वेळ आधीच गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या घरी गेले असता मुलगी माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "मावशी, माझा फोन चार नंबरला लागला होता असं कक्षातून कळलं. ते तुमचं टेबल ना? कोण होता तो माणूस? आई तडफडत होती आणि तो दगडासारखा वय विचारत होता. त्याला मी सोडणार नाही." मी म्हटलं, मला माहीत नाही. मी खोटं बोलले. तिच्या मागे दारात मास्तर उभे होते.

नंतर जिन्यात मी त्यांना विचारलं की बाबा रे, 'मी आहे' एवढं तरी फोनवर का नाही म्हणालात लेकीला? ते म्हणाले, "ताई, मी आहे म्हटलं असतं तर ती रडायला लागली असती. मग श्वास चालू आहे का ते मला कोणी सांगितलं असतं?" मी म्हटलं, मग आता सांगा. त्यावर म्हणाले, "आता नको. तिला राग धरायला कोणीतरी परकं असू दे. तिला आता मी एकटाच उरलोय."

त्यांनी मला गळ घातली होती की पोलिसांनी विचारलं तर धावपळीत कोण बसलं होतं ते आठवत नाही असं सांगा. मी तसं सांगणार नाही. तो माणूस म्हणजे मास्तर होते. मला त्यांचा राग येतो. एवढं सगळं ज्याला त्याला पहिलीपासून समजावून सांगणारा माणूस स्वतःच्या लेकीला एक गोष्ट सांगू शकत नाही. मी त्यांना लहान भावासारखं मानते, म्हणून राग येतो. हाक बंद करण्यात त्यांची चूक किती आणि साहेबांची किती, ते तुम्ही ठरवा. त्यातलं मला कळत नाही. पण फोनवर ते निर्दयपणे वागले असं कागदावर राहता कामा नये.

आज इथे मला मुलीची तक्रार वाचून दाखवली. त्यात तिने लिहिलं आहे की, "मी त्या माणसाला विचारलं, तुमच्या घरातलं कोणी असं पडलं असतं तर असेच थंडपणे प्रश्न विचारत बसला असता का? त्यावर तो हो म्हणाला." तो हो मी माझ्या कानांनी ऐकला होता. कशाला म्हणाले ते मला आजच कळलं. तक्रारीत ते निर्लज्ज उत्तर म्हणून लिहिलं आहे. ते खरं उत्तर होतं.

या जबाबाची प्रत तक्रारदार म्हणून मुलीला मिळेल असं मला सांगण्यात आलं. माझी हरकत नाही. फक्त ती पोस्टाने पाठवू नये. मला बोलवावं. ती वाचत असताना मी तिच्याजवळ बसेन.

वरील जबाब मी बोलले तसा लिहून घेतला. मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचा भाग वाचताना लिहून घेणारे दादा मधे थांबले, म्हणून तेवढा मी माझा मी वाचला. सगळं बरोबर आहे. काही कमी करायचं नाही. सही केली.