स्टीलच्या पातेल्याची कल्हई

तुम्ही हसाल, पण मी एकदा स्टीलचं पातेलं कल्हईला दिलं होतं. जव्हारला राजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या आख्ख्या खोडाळा गावात स्टीलचं भांडं माझं एकटीचं, मुंबईला कामाला असलेल्या भावानं आणलेलं. आमच्याकडे भांडं म्हणजे मातीचं, नाहीतर आतून कल्हई केलेलं पितळेचं. नागलीची, म्हणजे नाचणीची, आंबील शिजवून माझं पातेलं आतून काळवंडलं, तेव्हा मला वाटलं, ह्याची कल्हई उडाली.

बाजारात कल्हईवाले बाबा बसायचे. त्यांनी पातेलं तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं. कथील काही चिकटेना, थेंब होऊन नुसतं पळायला लागलं. शिवाय पातेलं निळं-जांभळं झालं.

मला रडूच फुटलं. "बाबा, भाऊ दिवाळीला येईल. त्याला काय दाखवू?"

बाबांचाही चेहरा उतरला. पातेलं उलटसुलट करून म्हणाले, "घरी चिंच आहे का? घेऊन ये."

चिंचेच्या कोळानं ते घासत बसले, निळा डाग पार जाईपर्यंत. मजुरी घेतली नाही. पातेलं हातात देताना हळूच म्हणाले, "पोरी, ह्याला कल्हई लागतच नाही. पण एवढ्यात कुणाला सांगू नको."

पुढच्या बाजाराच्या दिवशी शेजारणीनं पातेलं पाहिलं. "एवढं लखलखीत कुणी करून दिलं गं?"

म्हटलं, "आपल्या कल्हईवाल्या बाबांनी."

दुपारपर्यंत बाबांपुढे पितळी भांड्यांची रांग लागली होती, आणि मी एक अक्षर खोटं बोलले नव्हते.