उघड्या पाठीची बाई

व्हय पावणं, गल्लीत ह्या चिमणाबाईबद्दल ऐकलासा त्ये खरं हाय — चित्रकलेच्या वर्गात चौदा वर्सं मला समोर बसवून पोरं चित्रं काढायची. मालक गेले, पदरात दोन लेकरं, मग काय करायचं? कधी घागर घेऊन, कधी नुसती मान वळवून, तासन्‌तास हलायचं न्हाय. पाठ उघडी टाकून? त्ये बी. दोनदा. न्हाय — तीनदा. बसा की, उठताय कुठं!

गेल्या साली सम्राटनं, माझ्या थोरल्यानं, हॉलंडला नेलतं मला — नोकरीला हाय तिथं. तिथल्या म्युझियममधी तीन-तीनशे वर्सांपूर्वीची चित्रं, ही भिंतीएवढाली! त्याच्या हापिसातला पुण्याचा एकजण आन् त्याची बायको बी बरोबर. एका चित्रात बाई पाठमोरी, उघडी, केस वर बांधल्यालं. सम्राट म्हणाला, "आई, चल की पुढं." पर माझा पाय हलंना. तिचा डावा खांदा जरा खाली आल्ता. का? अवो, बसून बसून अवघडलं की तसाच येतो खांदा — मला ठावं हाय! पाटीवर चितारणाऱ्याचं नाव, साल, समदं. बाईचं नाव? सम्राट म्हणाला, "न्हाय लिवल्यालं." तवा मी मोठ्यांदा म्हटलं, "मी बी हेच काम केलंय." पुण्याची बाई हसली, तिला चेष्टा वाटली. "खरंच," म्हटलं, "कोल्हापुरात. त्याच्यावरच ह्यो शिकला."

सम्राट? गेला की बाहेर, पायरीवर बसून ऱ्हायला. घरी आल्यावर म्हणाला, "आई, तू शाळेत बाई हुतीस म्हणून सांगितलंतं मी त्यास्नी." फोन? करतो की — म्हंजे, कामं असत्यात त्याला. आठ म्हैनं झालं. दिवाळीला बी कामच हुतं. असू दे! मी माफी मागीन म्हणून थांबला असंल तर थांब म्हणावं. रडले-बिडले न्हाय मी. रडायचं काय त्यात?

आन् तुमी गडहिंग्लजहून येऊन म्हणतासा, पुतण्याला माझी पूर्णिमा पसंत हाय, फकस्त लग्नात आईनं ह्यातलं कुणाजवळ बोलू नये. एका लेकाला लाज वाटली त्येवढी बास झाली, आता जावई बी तसलाच आणू? पोरगी आतच हाय, समदं ऐकतीया. तिला इचारून सांगा म्हणतासा? कालच इचारलंय. तीच म्हणाली, अट घातली तर वाटंला लाव.

तवा उठा, पावणं. चपला दाराशी हायती.